कंट्रोलर, नियंत्रक आणि फडणीस

प्रश्न : जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील वेब ॲप्लिकेशनविषयीच्या एका मराठी टिपणात ‘वापरकर्त्याची विनंती नियंत्रकाद्वारे मार्गस्थ केली जाते’ असे वाक्य आढळले. ते योग्य आहे का?

उत्तर : ‘मार्गस्थ’ आधी बाजूला काढू. माणूस मार्गस्थ होतो, म्हणजे आपण होऊन वाटेला लागतो. विनंतीला, फाइलीला किंवा मालाच्या ट्रकला ‘मार्गस्थ करणे’ ही अलीकडे वाढलेली खोड आहे आणि ती कानाला दर वेळी टोचते. त्याहून मोठा घोटाळा मात्र इंग्रजी ‘कंट्रोलर’साठी योजलेल्या ‘नियंत्रक’ या शब्दाने केला आहे.

ताबा ठेवणारा, हुकूम सोडणारा हे ‘कंट्रोलर’चे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. मुळात हा शब्द ताब्याचा नाही, तो नोंदवहीचा आहे. मध्ययुगीन लॅटिनमधील ‘कोंत्रारोतुलुस’ म्हणजे हिशेबाच्या गुंडाळीची पडताळणीसाठी ठेवलेली दुसरी प्रत. एकाने जमाखर्च लिहायचा, दुसऱ्याने समांतर प्रत राखायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या. ही दुसरी प्रत राखणारा तो कंट्रोलर. यातील ‘रोतुलुस’ म्हणजे लहान चाक, म्हणून गुंडाळी. तो आला ‘रोता’ म्हणजे चाक या शब्दावरून, आणि ‘रोता’ व आपला ‘रथ’ हे एकाच इंडो-युरोपीय धातूचे वंशज आहेत. नटाचे संवाद ज्या गुंडाळीवर लिहून देत तिच्यावरून ‘रोल’ आला, त्यामुळे जावाच्या वेब.एक्सएमएल या मांडणीच्या फाइलीत कोणाला कोणते पान उघडता येईल हे ठरवण्यासाठी जे ‘रोल’ लिहितात, ते कंट्रोलरचे सख्खे भावंड ठरते. ‘कॉम्प्ट्रोलर’ हे लेखन मात्र शुद्ध गैरसमजातून जन्मले: हिशेब या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशी नाते जोडण्याच्या नादात कोणीतरी त्यात ‘प’ घुसडला आणि तो भारतीय राज्यघटनेच्या १४८व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठापर्यंत टिकला. मराठीत त्याच पदाचे ‘नियंत्रक व महालेखापरीक्षक’ झाले, म्हणजे वही गेली आणि लगाम आला. (संस्कृतातील ‘यंता’ म्हणजे सारथी, तेव्हा ‘नियंत्रक’वालेही आडवाटेने रथापाशीच येतात, एवढे श्रेय त्यांना देतो.)

सॉफ्टवेअरच्या रचनेत हा शब्द या अर्थाने आणला ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी, १९७९ साली, झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेवर काम करताना. माहिती, तिचे पडद्यावरचे रूप आणि सूचना हाताळणारा भाग वेगळे ठेवणाऱ्या त्यांच्या मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर रचनेतला कंट्रोलर कळफलक आणि माउस यांच्याकडून येणाऱ्या सूचना हाताळत असे. जावाच्या वेब ॲप्लिकेशनमधला कंट्रोलर निराळा आहे. तिथे एकच सर्व्हलेट, म्हणजे सर्व्हरवर विनंतीला उत्तर देणारा जावा प्रोग्रॅम, दारात बसतो आणि प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे येते. क्रेग मॅक्लॅनहन यांनी लिहिलेल्या आणि २००० साली अपाची या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात दाखल झालेल्या स्ट्रट्स या वेब ॲप्लिकेशनच्या तयार सांगाड्याच्या पहिल्या आवृत्तीत हे काम ॲक्शनसर्व्हलेट करत असे. ‘डॉट डू’ने संपणारा पत्ता आला की तो स्ट्रट्स-कॉन्फिग या फाइलीतील नोंदींशी ताडून पाहत असे आणि त्या पत्त्यासमोर ज्या ॲक्शनचे, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या वर्गाचे, नाव असेल तिच्याकडे विनंती सोपवत असे. स्प्रिंग या दुसऱ्या सांगाड्यात डिस्पॅचरसर्व्हलेट हेच हँडलरमॅपिंगला, म्हणजे पत्ता कोणाचा हे सांगणाऱ्या भागाला, विचारून करतो, फक्त तिथे नोंदी बहुधा वर्गांवरच्या ॲनोटेशनमधून, म्हणजे कोडातच लिहिलेल्या खुणांमधून, गोळा होतात. जेएसपी, म्हणजे जावा वापरून सर्व्हरवर तयार होणारी पाने, वेब-इन्फ फोल्डरमध्ये ठेवतात ती याचसाठी, कारण तिथले पान ब्राउझरला थेट मागता येत नाही आणि कंट्रोलरला वळसा घालण्याची वाट बंद होते.

आता या कामात ‘नियंत्रण’ कुठे आहे? आलेला पत्ता, हाताशी असलेली यादी आणि दोहोंची पडताळणी, एवढाच हा व्यवहार आहे, आणि तो १९७९च्या अर्थापेक्षा मध्ययुगीन गुंडाळीला अधिक जवळचा आहे. म्हणून माझे मत असे की मराठीत या पदाला हुबेहूब जुळणारा शब्द फडणीस हा आहे. ‘फर्द’ म्हणजे यादी, नोंदीचा कागद. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फर्दनवीसचा फडणीस झाला, जसा चिठ्ठीनवीसाचा चिटणीस. काही मंडळी ‘फडावर बसणारा तो फडणीस’ असे सांगतात, पण ‘नवीस’ला ‘लिहिणारा’ हा अर्थ असताना फड लिहायचा कसा, हे त्यांनी एकदा समजावून द्यावे. चिटणीस चिठ्ठ्या लिहितो, पोतनीस पोते लिहीत नाही हा त्यांचा नेहमीचा प्रतिवाद मला माहीत आहे. पोतनीस पोत्याचा, म्हणजे खजिन्याचा हिशेब लिहितो, आणि तो हिशेबही कागदावरच असतो.

‘फडणीस सर्व्हलेट’ कोणी लिहिणार नाही, हे मान्य. तेव्हा ‘कंट्रोलर’ हाच शब्द ठेवावा. ‘नियंत्रक’ लिहून चुकीचा अर्थ आत घेऊ नये. मार्गस्थ करण्याला मात्र कचेरीतला उत्तम शब्द तयार आहे. प्रकरण दुसऱ्या विभागाकडे ‘वर्ग’ होते, तसे लिहावे: ‘कंट्रोलर वापरकर्त्याची विनंती संबंधित ॲक्शनकडे वर्ग करतो.’ विनंती पुढे धाडण्याच्या ‘फॉरवर्ड’लाही हा शब्द चालतो, कारण तीच विनंती सर्व्हरच्या आतल्या आत पुढे जाते आणि ब्राउझरमधला पत्ता बदलत नाही. रिडायरेक्टला तो चालत नाही. तिथे कंट्रोलर सहसा ३०२ क्रमांकाचे उत्तर आणि नवा पत्ता ब्राउझरच्या हाती देतो, आणि ब्राउझर त्या पत्त्यावर दुसरी, स्वतंत्र विनंती करतो. मूळ विनंतीसोबत ठेवलेली माहिती तिच्याबरोबर जात नाही. त्यासाठी ‘नवा पत्ता देऊन परत पाठवणे’ असेच लिहावे, भले ते लांबलचक वाटो.