ओटावाच्या हिवाळ्यासाठी लोकर निवडताना

जानेवारीत सांगलीहून कॅनडातल्या ओटावाला दोन वर्षांसाठी यायचे आहे, तर मेरिनो (एका जातीच्या मेंढीची तलम लोकर), कॅशमिअर (शेळीची मऊ लव) आणि अल्पाका (उंटाच्या कुळातल्या त्याच नावाच्या प्राण्याची लोकर) यांपैकी कशावर पैसे घालावेत, असे आपण विचारले आहे. आजोबांनी श्रीनगरहून आणलेली, घरात ‘शाहतूश’ म्हणून जपलेली शाल बरोबर आणावी का, हाही आपला प्रश्न आहे. मी नऊ हिवाळे या शहरात काढले आहेत. शालीचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर ती निस्तरणे अवघड जाईल.

ती शाल कृपया आणू नका. शाहतूश तिबेटच्या पठारावरच्या चिरू नावाच्या हरणासारख्या प्राण्यापासून मिळते. हा प्राणी पाळता येत नाही, त्यामुळे लोकर कातरून घेण्याचा प्रश्नच येत नाही. तो मारूनच ती काढतात. भारताच्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चिरूला सर्वोच्च संरक्षण दिले आहे आणि त्याच्या लोकरीचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. आजोबांची शाल प्रत्यक्षात पश्मिना असण्याची शक्यता बरीच आहे, कारण जुन्या घरांतून प्रत्येक तलम शालीला शाहतूश म्हणण्याची हौस असते. परंतु ते सिद्ध करण्याची जागा विमानतळावरचा सीमाशुल्क कक्ष नव्हे.

आता थंडीकडे वळू. इथे उणे वीस अंश हे विशेष मानले जात नाही, काही दिवस पारा उणे तिसाच्याही आसपास जातो, आणि तरीही घरात व कार्यालयात तापमान वीस-बावीस अंश असते. म्हणजे आपल्याला दिवसातून अनेकदा चाळीस ते पन्नास अंशांचा फरक ओलांडावा लागतो. नवखा माणूस येथेच फसतो. तो जाडजूड स्वेटर घेतो, बसमध्ये घामाघूम होतो आणि उतरल्यावर त्याच घामाने गारठतो. शिवाय विणलेल्या लोकरीतून वारा आरपार जातो, मग ती कितीही महाग असो. वारा अडवणे हे पिसे भरलेल्या, टोपीच्या लांब कोटाचे काम आहे, तेव्हा मोठा खर्च आधी तिथे करा. लोकरीकडून अपेक्षा ठेवायची ती अंगालगतच्या उबेची, हलकेपणाची आणि घाम शोषण्याची.

या कामात मेरिनोला तोड नाही. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतकी वाफ ओलसर न लागता शोषून घेतो, आणि शोषताना किंचित उष्णताही सोडतो. लोकर टोचते असे आपण म्हणतो ते जाड तंतूंमुळे. साधारण तीस मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूचे टोक वाकत नाही, ते त्वचेत रुतते. आपली घोंगडी अंगाला टोचते ती दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीमुळे. तलम मेरिनोचा तंतू मात्र सतरा ते एकोणीस मायक्रॉनचा असतो, म्हणून तो बनियनसारखा थेट अंगावर घालता येतो आणि तीन-चार दिवस वापरूनही त्याला फारसा वास येत नाही. मोज्यांत मात्र शुद्ध मेरिनोचा आग्रह धरू नका. थोडे नायलॉन मिसळलेले मोजे टाचेशी लवकर विरत नाहीत.

कॅशमिअर आणि पश्मिना या वेगळ्या वस्तू नाहीत. शेळीच्या वरच्या राठ केसांखाली थंडीत येणारी मऊ लव म्हणजे कॅशमिअर. लडाखच्या चांगथांग भागातल्या शेळ्यांची तीच लव बारा ते पंधरा मायक्रॉन इतकी तलम असते आणि तिला आपण पश्मिना म्हणतो. वसंतात ती विंचरून काढतात आणि एका शेळीपासून ती फार थोडी मिळते, यातच किमतीचे कारण आले. कॅशमिअर तेवढ्याच वजनाच्या मेरिनोपेक्षा अधिक ऊबदार लागते, हे मान्य. पण ते नाजूक असते, काखेत आणि बॅगेच्या पट्ट्याखाली त्याला गोळे येतात. दुकानात अतिशय मऊ, जवळजवळ पिंजल्यासारखा लागणारा स्वस्त स्वेटर दिसला तर मी तो ठेवून देतो, कारण आखूड तंतू वापरून आणि वरून पिंजून तो मऊपणा आणलेला असतो. घट्ट विणीचा, दोनपदरी सुताचा, प्रथम हाताला किंचित कोरडा लागणारा स्वेटर पुढे वर्षानुवर्षे मऊ होत जातो. असा एकच घ्या, तोही इथला पहिला हिवाळा पाहून झाल्यावर.

भारतातून ‘पश्मिना’ म्हणून काही घेणार असाल तर जपून घ्या. मी निघण्यापूर्वी घेतलेली शाल अंगठीतून सुळकन गेली होती. पुढे तिचा एक धागा जाळून पाहिला, तर कागद जळल्याचा वास आला. अंगठीतून रेशीम आणि व्हिस्कोसही (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, म्हणून जळताना कागदाचा वास) जाते. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो व राख बोटांनी चुरडली जाते, आणि ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा असेल तर तो वितळून त्याचा कडक मणी होतो. मात्र या कसोटीने मेरिनो आणि पश्मिना यांतला फरक कळत नाही.

अल्पाकाविषयी थोडक्यात सांगतो. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या डोंगरांतली ही लोकर ऊबदार आहे, पण तिला मेरिनोसारखी लवचीकता नसल्यामुळे स्वेटर लोंबू लागतो. हातमोजे, टोपी आणि गळपट्टा यांसाठी ती उत्तम. ‘बेबी अल्पाका’ म्हणजे पिल्लाची लोकर नव्हे, तो तलमपणाचा दर्जा आहे.

धुण्याबाबत एकच कळकळीची विनंती करतो. इथल्या घरांत कपडे वाळवण्याचे गरम हवेचे यंत्र असते, त्यात लोकर कधीही घालू नका. तंतूंवर खवले असतात, ओलावा, उष्णता आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आकसून नमदा होतो. माझा पहिला कॅशमिअर स्वेटर शेजाऱ्यांच्या चार वर्षांच्या मुलीला बसला. घरी शाली रिठ्याच्या पाण्यात हलकेच बुडवून काढत, तसेच इथे लोकरीच्या सौम्य साबणाने गार पाण्यात करावे, आणि टॉवेलवर पसरून वाळवावे. उन्हाळ्यात कपडे स्वच्छ धुऊनच बंद पिशवीत ठेवा, कारण कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते.

मेरिनोचे अंगालगतचे दोन जोड मात्र तिथूनच घ्या. पुण्यात गिर्यारोहणाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा. ते मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या सामानात ठेवा आणि विमान उतरण्यापूर्वी अंगावर चढवा, कारण विमानतळाच्या दारापासून टॅक्सीपर्यंतची वीस पावलेही जानेवारीत लांब वाटतात.