व्हॉलीबॉल खेळणं सुटलं, आता कोच म्हणून करिअर होईल का?

प्रश्नात तू लिहिलंयस की वय 26, खानापूरकडचा, जिल्ह्याला तीनदा खेळलास, गुडघा गेला आणि आता कोचिंगमधे जावं का. (अरे-तुरे करायलोय, माझं वय 48, राग मानू नको.) ये की. पण आपण चांगला खेळायचो म्हणजे शिकवायला येणारच, या भरवशावर येऊ नको. मी तसाच आलतो.

आमचं गाव बेळगाव तालुक्यात. भात निघालं की मोकळ्या शेतात चुना मारून कोर्ट आखायचं, दोन वासे रोवून नेट, रात्री हॅलोजन. आधी सगळं शूटिंगच (व्हॉलीबॉलचा गावाकडचा प्रकार), स्मॅशिंग म्हणजे उडी मारून वरून मारायचं हायस्कूलला पीटी सरांनी शिकवलं. उडी बरी होती म्हणून मी लगेच हिटर. तेव्हा 15 चा गेम आणि सर्व्हिस आपली असली तरच पॉइंट, मॅच संपता संपायची नाही. 1998 ला लिबेरो (फक्त मागं बचाव करणारा खेळाडू) आला, 1999 ला रॅली पॉइंट (सर्व्हिस कुणाचीही असो, पॉइंट मिळतोच) आणि 25 चा सेट, पण आमच्या शिवारात ते पोचेपर्यंत नुसती भांडणं, एक टीम जुन्या हिशोबाने मोजायलीय, दुसरी नव्या.

तिशीत गुडघा गेला आणि एका शाळेतली पोरं घेतली. मला वाटलं यात काय आहे, आपल्याला येतंय ते करून दाखवायचं. दाखवलं की वर्षभर. मग एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था, कोच तयार करते ती) सहा आठवड्यांचा कोर्स केला, तिथल्या सरांनी मला रनअप घेऊन मारायला लावलं, कॅमेऱ्यावर घेतलं आणि स्लो करून समोर ठेवलं. उजव्या हाताने मारणाऱ्याचे शेवटचे दोन पाय उजवा-डावा पडायला पाहिजेत, माझे डावा-उजवा! म्हणजे कंबर उडी मारायच्या आधीच नेटकडे फिरलेली, मग जोर कुठून येणार, सगळा भार खांद्यावर. पंधरा वर्षं असाच मारत होतो आणि पॉइंट निघत होते म्हणून कुणी बोललं नाही. त्याच्यापेक्षा वाईट पुढं. गावाकडं परत येऊन पोरांचे पाय बघितले तर सात जण डावा-उजवा. माझंच बघून शिकलेले ना. पाच जणांचं सुटलं, दोघांचं शेवटपर्यंत नाही सुटलं, त्यातला एक अजून भेटला की मी विषय काढत नाही.

व्हॉलीबॉलवाले जी. ई. श्रीधरन यांचं बघ, खेळाडू म्हणून अर्जुन पुरस्कार 1982 ला आणि कोच म्हणून द्रोणाचार्य 2007 ला. मधे 25 वर्षं. आपण तर जिल्ह्याचे.

दुसरी गोष्ट भाषेची. मला घरी नंदू म्हणतात आणि कन्नडमधे 'नंदु' म्हणजे 'माझं'. आमचा सेटर (हिटरला बॉल उचलून देणारा) बैलहोंगलकडचा, बॉल वर गेला की तो ओरडायचा 'नंदु!', म्हणजे मी घेतोय, बाजूला व्हा. मला वाटायचं मलाच बोलावतोय. एकदा दोघंही धावलो आणि डोक्यावर डोकं आपटलं, माझ्या भुवईला तीन टाके. हसू नको, आता कुठलीही टीम हातात आली की पहिल्या दिवशी एकच शब्द ठरवून टाकतो, 'माय' (इंग्रजीतलं), पोरं मराठी असोत की कन्नड. तू कन्नड नीट बोलायला शिक, अर्धी पोरं आणि त्यांचे आईबाप त्याच भाषेत बोलणार, खात्याचे कागदपण कन्नडमधे. सीमाप्रश्न ग्राऊंडच्या बाहेर ठेव, तिथं माझंही मत आहेच.

पैशाचं सरळ सांगतो. शाळेत पीटी सर म्हणून कायम नोकरी पाहिजे तर बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) कर. नुसता कोच म्हणून जायचं तर एनआयएसचा डिप्लोमा, पतियाळाला आहे, बेंगळूरलाही त्यांचं सेंटर आहे. सहा आठवड्यांच्या कोर्सने डोळे उघडतात, पण नोकरी त्याच्यावर मिळेलच असं नाही. खासगी शाळांत मानधन, तेही लेखी घे, एका संस्थेने माझे दोन वर्षांचे पैसे अडकवले आणि माझ्याकडे साधी चिठ्ठी नव्हती. मी अजून सकाळ-संध्याकाळ ग्राऊंड आणि दुपारी भावाच्या हार्डवेअर दुकानात बसतो, त्याच्यावर घर चालतं.

कोर्सचे फॉर्म निघेपर्यंत एक काम कर. गावात पोरं खेळायलीत तिथं बाजूला जाऊन बस आणि एक तास नुसते पाय बघ, बॉल बघायचा नाही. दहा मिनिटांत मान आपोआप वर जाते, माझी अजून जाते.