वडे तळायचे की चर्चा सांभाळायची?

डोंबिवलीहून एक वाचक लिहितात: "दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आमच्याकडे दहा-बारा मित्रमैत्रिणी चर्चेला जमतात. गेल्या वेळी विषय होता मराठी शाळा. नवऱ्याचा एक मित्र कोणाला बोलूच देत नाही. 'स्वतःची पोरं इंग्रजी शाळेत आणि इथे मराठीचा पुळका!' असं त्याने माझ्या मैत्रिणीला सगळ्यांसमोर सुनावलं. ती बशी तशीच ठेवून निघून गेली. मी तेव्हा आत वडे तळत होते. हे सगळं बंद करू का?"

ताई, चर्चा चालू ठेवा, वडे बंद करा. घर तुमचं, हौस तुमची, आणि ऐन रंगात तुम्ही कढईपाशी! मग ज्याचा आवाज मोठा, त्याचीच बैठक होणार. पुढच्या वेळी चहा आणि डब्यातला चिवडा, तोही नवऱ्याने आणून ठेवायचा. तुम्ही बाहेर बसा. कोण किती वेळ बोलतंय आणि कोण तासभर गप्प आहे, यावर लक्ष ठेवा.

'मराठी शाळा' एवढाच विषय दिला की माणसं भाषणं ठोकतात. 'आपल्या भागातली मराठी शाळा टिकवायला आपण काय करू शकतो?' असं विचारा. निदान एकमेकांच्या पोरांपर्यंत पोचायला वेळ लागेल.

बोलू न देणाऱ्यांवर आपल्याकडे जुना उपाय आहे. शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं सांगायचं. खोडायचं ते नंतर. हा नियम सगळ्यांनाच लावा, एकट्या त्याला लावलात तर रुसून बसेल. तरी भागलं नाही तर दंड. हसू नका! बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात मित्रांचा असाच गट काढला होता. सदस्य बाराच ठरले, आणि पुढे पुढे 'माझंच खरं' या थाटात बोलणाऱ्याला किरकोळ दंडही बसू लागला. तुम्ही दहा रुपये ठेवा, अधूनमधून भेळ तरी सुटेल.

मैत्रिणीला फोन नको, घरी जा. 'त्याचा स्वभावच तसा आहे' हे मात्र चुकूनही म्हणू नका. कोण बरोबर, हाही विषय काढू नका. तो बोलला त्यापेक्षा त्याला कोणीच अडवलं नाही, हे तिला जास्त लागलं असणार. तेवढं कबूल करा, आणि लगेच पुढच्या बैठकीचा आग्रह करू नका.

त्या मित्राला निरोप नवऱ्याने द्यायचा. आधी तिची माफी, मग आमच्याकडचा चहा.