चौधरी साहेब घोड्यावर आले का रणगाड्यावर?

प्रश्न : आमचे आजोबा सांगायचे की पोलीस ॲक्शनला (1948 ची, निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची भारताची लष्करी कारवाई) जनरल चौधरी घोड्यावर बसून नळदुर्गात आले. पोरगं म्हणतंय मोबाईलवर तर सगळे रणगाडेच दिसतेत. खरं काय? – एक वाचक, उमरगा

उत्तर : पोरगं बरोबर आहे, पण आजोबांनाही एकदम खोटं पाडू नका, कारण चौधरी होते घोडदळातलेच. जयंतनाथ चौधरी, कलकत्त्याकडचे बंगाली, सँडहर्स्टला शिकून 1928 ला ऑफिसर झाले आन् नंतर 7 लाइट कॅव्हलरीत, म्हणजे घोडदळाच्या पलटणीत गेले. त्या काळी इंग्रजांनी हिंदुस्थानी ऑफिसरांसाठी मोजक्या आठच पलटणी राखल्या होत्या, त्यातली ही एक. पुढं घोडे गेले, गाड्या आल्या, नाव मात्र कॅव्हलरीच राहिलं! दुसऱ्या महायुद्धात आधी आफ्रिका केली, मग 16 लाइट कॅव्हलरी घेऊन ब्रह्मदेशात उतरले, तेव्हा हाताखाली चिलखती गाड्या होत्या.

आता तुमच्या रस्त्याचं. 13 सप्टेंबर 1948 ला पहाटे सोलापूरकडून त्यांचं आर्मर्ड डिव्हिजन (रणगाड्यांची मोठी फौज) आत घुसलं. पहिली मेख नळदुर्गला, बोरी नदीवरचा पूल. तो निजामाच्या फौजेनं उडवला असता तर सगळ्या गाड्या अलीकडंच अडकल्या असत्या, म्हणून आधी पूलच ताब्यात घेतला, मग जळकोट, आन् दुपारी सव्वातीनला पुढची तुकडी तुमच्या उमरग्यात. म्हणजे आजोबांनी जे बघितलं ते हेच असणार.

गंमत म्हणजे चौधरींच्या वरचे साहेब राजेंद्रसिंहजी, तेही घोडदळातले, आन् 18 तारखेला ज्यांनी शरणागती दिली ते निजामाचे सेनापती अल् इद्रूस, तेही घोडदळवालेच. खऱ्या घोड्यांची पलटण मात्र उरली होती ती निजामाकडंच.

त्यानंतर चौधरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले, 1949 अखेरपर्यंत. ह्या वर्षाबद्दल आपल्याकडं कौतुकच जास्त ऐकू येतं. जहागिरी खालसा करायचा कायदा त्यांच्याच काळात, ऑगस्ट 1949 मधे निघाला, हे मोठंच काम. पण ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेडकडं मुसलमान वस्त्यांवर जे झालं, तेही ह्याच काळातलं. दिल्लीनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं कमीत कमी 27 ते 40 हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला होता. म्हाताऱ्या माणसांना विचारा, आवाज खाली करूनच सांगतेत.

पुढं 1961 ला गोवा मुक्तीची मोहीम, चीन युद्धाच्या पराभवानंतर नोव्हेंबर 1962 ला लष्करप्रमुख, 1965 चं युद्ध त्यांच्याच हाताखाली. त्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळ पाकिस्तानचे पॅटन रणगाडे ज्यांनी अडवले त्यात डेक्कन हॉर्स होती, आन् ही पलटण म्हणजे मूळची हैदराबाद काँटिंजंटचं (निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेचं) घोडदळ, ज्या काँटिंजंटची छावणी आपल्या औरंगाबादला होती. तिच्याकडंही तेव्हा शर्मन रणगाडेच होते, नाव तेवढं हॉर्स.