रिकाम्या हाताने

दिवाळी उरकून लग्नसराई सुरू झाली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकाच प्रकारची तक्रार घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. कधी मुलगी आईविषयी सांगते, कधी सून सासूबाईंविषयी, आणि अलीकडे बऱ्याच जणी स्वतःविषयीच सांगतात: "एक वस्तू घ्यायला जाते आणि सात घेऊन येते. आणलेली वापरवत नाही आणि टाकवतही नाही. घरात पाय ठेवायला जागा राहिलेली नाही." त्यापाठोपाठ घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "त्या गावाला गेल्या की आम्ही सगळे उचलून टाकू का?" या सर्वांना मी स्वतंत्रपणे जे सांगत आले आहे, ते एकदा सलग लिहावे असे मनात होते. त्यासाठी सांगलीतल्या एका ताईंची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे देत आहे.

ताईंचे वय ५८, राहणे गावभागात, यजमान निवृत्त, मुलगा पुण्याला नोकरीस. घरातल्या तीन खोल्यांपैकी एका खोलीचे दार पूर्ण उघडत नव्हते, कारण दारामागे पिशव्या होत्या. माझ्या सांगण्यावरून यजमानांनी एका दुपारी मोजदाद केली, तेव्हा फक्त ब्लाउजपीस २१२ भरले. देण्याघेण्याच्या साड्या ६४, स्टीलचे डबे आणि वाट्यांचे संच वेगळे, टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे वेगळे. यांतली जवळपास प्रत्येक वस्तू कोऱ्या वेष्टनात होती. बहुतेक खरेदी कापडपेठेतून आणि मारुती रोडवरून झालेली होती. गेल्या तीन वर्षांत मोबाइलवरून मागवलेल्या खोक्यांची तीत भर पडली होती.

पहिल्या भेटीत मी पुराविषयी विचारले. सांगलीत हा प्रश्न विचारावाच लागतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी गावभागातल्या अनेक घरांत शिरले होते, आणि एकदा सारे गमावलेला माणूस पुढे साठवू लागतो हे मी इतर घरांत पाहिलेले आहे. ताईंनी शांतपणे माझा अंदाज बाजूला सारला. त्या म्हणाल्या, "मॅडम, कपाटं पुराच्या आधीही भरलेलीच होती. भरलेली होती म्हणूनच तर एवढं भिजलं." हे उत्तर माझ्या दृष्टीने मोलाचे होते. मोठे संकट दिसले की त्यालाच कारण मानण्याची घाई आपण सगळेच करतो.

साठवण्याची ही सवय पूर्वी मंत्रचळेपणाच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती मनाविरुद्ध पुन्हा पुन्हा होत राहण्याच्या, विकाराचाच एक भाग मानली जाई. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. अमेरिका आणि युरोपातील पाहण्यांत साधारण २ ते ६ टक्के लोकांत ती लक्षणीय प्रमाणात आढळते. त्याच वर्गीकरणात नोंदवलेली आणखी एक गोष्ट कुटुंबीयांनी लक्षात घ्यावी अशी आहे: ज्यांना वस्तू टाकवत नाहीत, त्यांतील ८० ते ९० टक्के लोक गरजेपेक्षा जास्त वस्तू घरात आणतही असतात. म्हणजे घरातला ढीग आपल्याला दिसतो, पण मूळ अडचण बऱ्याचदा उंबऱ्याबाहेर, दुकानात किंवा हातातल्या फोनवर असते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी येणे थांबवायचे आणि मग आवराआवरीला हात घालायचा. टाकी भरून वाहत असताना कोणी आधी फरशी पुसत बसत नाही, तोटी बंद करतो. घरच्यांना हा क्रम सोसत नाही, कारण त्यांना ढीग आज हलायला हवा असतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीत मी ताईंना एकच विचारत राहिले: इतक्या वस्तू देण्यासाठीच आणलेल्या आहेत, तर त्या दिल्या का जात नाहीत? त्यांचे उत्तर दर वेळी वेगळे असे. एक साडी पाहुणीच्या मानाने हलकी होती. दुसरी फार चांगली होती, ती पुढे कोणी मोठे माणूस आले तर म्हणून राखली होती. वाट्यांचा संच संक्रांतीच्या वाणासाठी घेतला होता, पण संक्रांतीला त्या नवीन वाट्या घेऊन आल्या, कारण जुना संच "असू दे अडीनडीला." हे ऐकताना एवढे लक्षात आले की या वस्तू देण्यासाठी घेतल्या जात असल्या, तरी त्यांचे खरे काम कपाटात असणे हेच होते.

चौथ्या भेटीत ज्या गोष्टीने वाट उघडली, ती तोपर्यंत माझ्या टेबलावरच होती. पहिल्या भेटीला ताईंनी भडंगाचे पाकीट आणले होते, दुसऱ्या भेटीला घरचे लिंबाचे लोणचे, तिसऱ्या भेटीला ब्लाउजपीस. मी भेटवस्तू घेत नाही. तसे सांगून दर वेळी वस्तू परत दिली होती आणि तो विषय तेवढ्यावर सोडला होता. चौथ्या वेळी त्यांनी स्टीलचा छोटा डबा काढून ठेवला, आणि मी विचारले, "ताई, आज येताना काहीच मिळालं नसतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

त्या बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आलेच नसते. फोन करून सांगितलं असतं, बरं नाही म्हणून."

"नुसतं येऊन बसलं असतं तर?"

"रिकाम्या हातानं? तसं कसं येववेल ओ मॅडम?"

आणि मग १९८८ सालची एक दुपार त्यांनी सांगितली. लग्नाला सहा महिने झाले होते. यजमानांच्या आत्या न कळवता आल्या. निघताना त्यांची ओटी भरायची, तर घरात खण नव्हता. सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, "हिच्या माहेरी रिकाम्या हातानंच बोळवण करत असतील." ताईंनी हे वाक्य जसेच्या तसे, त्याच चालीत म्हणून दाखवले. ३५ वर्षांनंतरही त्यातला एक शब्द हललेला नव्हता.

येथे थांबून "कारण सापडले" असे म्हणण्याचा मोह समुपदेशकाला होतो, आणि बरेच जण तेथे थांबतातही. मी ज्या विचारपद्धतीने काम करते ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ पासून मांडली आणि महाराष्ट्रात ती चांगली रुजली आहे. या पद्धतीचे म्हणणे असे की तेव्हाची दुपार आज कोणालाही कापडपेठेत पाठवू शकत नाही. पाठवते ते त्या दुपारपासून आपण स्वतःशी म्हणत आलेले वाक्य. ताईंचे वाक्य आम्ही दोघींनी मिळून कागदावर उतरवले: "माझ्या दारातून कोणीही रिकामे जाता कामा नये, आणि गेले तर ते मला सहन होणार नाही." यातली इच्छा चांगली आहे, आणि ती काढून घ्यावी असे मला कधीही वाटले नाही. अडचण "कामा नये" आणि "सहन होणार नाही" या दोन टोकांत आहे. २१२ पीस असूनही २१३ वा घ्यावा लागतो, कारण नक्की कोण येणार आणि तिच्या मानाचे काय असेल हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे असा साठा कधीच पुरेसा होत नाही. आम्ही त्या वाक्याशेजारी दुसरे लिहिले: "माझ्याकडे द्यायला काही असले तर मला आवडेल; नसले तर मी ओशाळेन, आणि ओशाळणे मला सोसता येते."

लिहिलेले वाक्य पटते, पण ते अंगी लागायला अनुभव लागतो. म्हणून मी त्यांना घरचा अभ्यास दिला: पुढच्या भेटीला काहीही न आणता यायचे.

त्या आल्या. पर्स बाहेर यजमानांकडे देऊन, दोन्ही हात मोकळे ठेवून आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. अस्वस्थता शून्य ते दहा यांत किती, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "नऊ." मी इतर काही बोलले नाही, दर पाच मिनिटांनी फक्त आकडा विचारला. नऊ, नऊ, आठ. पंधराव्या मिनिटाला त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळणे थांबवले आणि खुर्चीत मागे टेकल्या. अर्ध्या तासाने आकडा चार होता, आणि त्या स्वतःच नवलाने म्हणाल्या, "मी काहीच केलं नाही, तरी कमी झालं." इतक्या वर्षांच्या कामात मी अनेक चांगल्या भेटी अनुभवल्या आहेत, पण त्या अर्ध्या तासाचे समाधान माझ्या मनात वेगळे आहे. खरेदीची ऊर्मी खरेदी केल्यानेच शमते असे त्या ३५ वर्षे मानत आल्या होत्या. ती न करताही शमते, हे त्यांनी प्रथमच पाहिले.

पुढचे दोन महिने आम्ही हेच दुकानांत केले. पहिल्या आठवड्यात कापडपेठेतून फक्त चालत जायचे. नंतर काचेबाहेर दहा मिनिटे उभे राहायचे. नंतर आत जाऊन वस्तू हातात घ्यायची, ठेवायची, आणि ऊर्मी निम्म्यावर येईपर्यंत दुकानातच थांबून मग काही न घेता बाहेर पडायचे. यजमान सोबत असत; त्यांचे काम फक्त गप्प राहण्याचे होते, आणि ते त्यांना अवघड गेले. साड्या उलगडून पाहून उठण्याची पायरी आली तेव्हा ताई अडल्या: "दुकानदाराला एवढं उलगडायला लावून तसंच उठायचं? त्याला काय वाटेल?" तेव्हा आम्हा दोघींनाही उमगले की दुकानदारसुद्धा त्यांच्या मनात दारातून रिकामा जाऊ नये अशा माणसांपैकीच एक होता. आपल्याकडच्या कितीतरी नको असलेल्या खरेद्या अशा भिडेपोटी होतात. त्या दिवशी त्यांनी "आज नको, त्रास दिला" एवढेच म्हणून उठण्याचा सराव केला. सातव्या फेरीत दोन पीस घेतले गेले. त्याचीही नोंद केली आणि आठवी फेरी ठरल्या दिवशी केली.

ज्यांना ताईंसारखा अनुभव येतो, त्यांनी हा क्रम स्वतःच्या बेताने जरूर करून पाहावा, पण सोप्या पायरीपासून सुरुवात करावी. दिवाळीच्या आदल्या शनिवारी बाजारात जाऊन स्वतःची परीक्षा घेऊ नये. ऊर्मी आली की ती दाबू नये आणि तिच्याशी वादही घालू नये. तिला आकडा द्यावा आणि वीस-तीस मिनिटे थांबावे. घरात असे किती आहे, हे ठेवायचे कोठे, आणि पुढच्या महिनाभरात ते नेमके कोणत्या दिवशी वापरले जाणार, हे तीन प्रश्न लिहून पाकिटात ठेवावेत आणि पैसे काढताना तो कागद आधी हाताला लागेल असे पाहावे. मोबाइलच्या खरेदीत दुकानदाराची भीड नसते, पण दुकान उशाशी असते. म्हणून सवलतीच्या सूचना बंद कराव्यात, ॲप काढून टाकावे, आणि मागवायचेच असेल तर वस्तूचे नाव वहीत लिहून तीन दिवसांनी पाहावे. ताईंच्या वहीतल्या बहुतेक नावांवर चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच काट मारली.

कुटुंबीयांना माझे कळकळीचे सांगणे आहे की माघारी काहीही टाकू नका. ढीग तात्पुरता हलतो, पण विश्वास जातो. वस्तू पुन्हा भरल्या जातात, आणि या वेळी त्या लपवल्या जातात. टाकण्याचा निर्णय त्या व्यक्तीचाच असावा, मग एका दिवसात पाचच वस्तू निघाल्या तरी चालेल. टोमण्यांचाही उपयोग नाही, कारण ताईंच्या साठ्याची सुरुवात एका टोमण्यापासूनच झाली होती.

एका बाबतीत मात्र सरावावर विसंबू नये. आयुष्यभर बेताने खर्च करणारी व्यक्ती काही दिवसांत एकाएकी उधळपट्टी करू लागली, झोप कमी होऊनही उत्साह ओसंडत असेल, उतारवयात स्वभावच पालटल्यासारखा वाटत असेल, किंवा कंपवाताची काही औषधे सुरू झाल्यावर खरेदी वाढली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे; औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. कोठे जावे हे कळत नसेल, तर टेलि-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते.

ताईंची आवराआवर आम्ही पाचव्या महिन्यात सुरू केली. नवरात्रात त्यांनी कपाटातलेच ४० पीस ओटीला वापरले. कोणते कोणाच्या मानाचे हे ठरवायचे नाही, वर असेल तो उचलायचा, एवढाच नियम होता. तिसऱ्या खोलीचे दार आता पूर्ण उघडते. दोन कपाटे अजून भरलेली आहेत आणि आम्ही घाई केलेली नाही. गेल्या दिवाळीत त्यांनी यादीत नसलेले तीन डबे घेतले. त्याच संध्याकाळी ते त्यांनी यजमानांना स्वतः दाखवले, वहीत तारीख घातली, आणि भाऊबिजेला त्यांतला एक नणंदेला दिला.