कळलावीची गोळी

प्रिय बाळ,

नेरूळच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहून महिनाच झाला आणि तुझा पहिला प्रश्न गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याच्या दुखण्याचा, हे वाचून बरं वाटलं. रातोरात अंगठा सुजून लाल झालेला माणूस चिठ्ठीशिवाय कोल्चिसिन, म्हणजे गाऊटचा झटका थांबवणारी गोळी, मागतो, 'मागच्या वेळी यानेच थांबलं होतं' म्हणतो. देऊ नकोस. त्याला चादर टेकलेलीही सोसवत नाही हे मला ठाऊक आहे, तरी डॉक्टरांकडेच पाठव.

पावसाळ्यात येऊरला गेलीस तर लाल-पिवळी कळलावी दिसेल. कोल्चिसिन तिच्या कंदात नि बियांत असतं, आणि तो कंद खाऊन माणसं दगावली आहेत. गुण देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. 'दुखणं थांबेपर्यंत तासातासाला घ्या' ही जुनी रीत आता कुणी सांगितली तरी मानू नकोस; कमी मात्रेनेही तितकाच आराम पडतो. गोळीने जुलाब सुरू झाले तर पुढची घ्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

नौपाड्याच्या दुकानात असताना एका आजोबांच्या दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या आल्या. एकीवर कोल्चिसिन, दुसरीवर छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन. मी दोन्ही पिशवीत भरली होती. पैसे देताना त्यांची मुलगी क्रिएटिनिन वाढल्याचं, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नसल्याचं, बोलली, म्हणून मी पिशवी परत घेतली. क्लॅरिथ्रोमायसिन चालू असताना कोल्चिसिन शरीरात साठत जातं, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर जिवावर बेततं. तेव्हापासून 'आणखी काय काय चालू आहे?' हे विचारल्याशिवाय मी एकही स्ट्रिप दिली नाही.

ॲलोप्युरिनॉलचं वेगळं. ती युरिक ॲसिड कमी करणारी गोळी; दुखणं थांबवत नाही, झटके टाळते. डॉक्टर बहुधा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करतात आणि रक्तातलं युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवतात. पण पहिल्या काही महिन्यांत सांध्यांत साठलेले स्फटिक विरघळू लागले की उलट झटके येतात. 'गोळीनेच वाढलं' म्हणून माणूस ती बंद करतो, सगळी मेहनत वाया जाते. म्हणून सोबत ३ ते ६ महिने कमी मात्रेचं कोल्चिसिन लिहिलेलं असतं. झटका आला तरी चालू असलेली ॲलोप्युरिनॉल सोडायची नाही, हे पहिल्याच दिवशी समजावून सांग, घाई असली तरी सांग. मात्र अंगावर पुरळ उठलं तर गोळी ताबडतोब बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक मागणाऱ्याला अल्सर, बीपी आणि किडनीचं विचार.

आणि ॲझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, घेणाऱ्याची ॲलोप्युरिनॉलची चिठ्ठी आली, तर आधी डॉक्टरांना फोन लाव. गिऱ्हाईक थांबलं तर थांबू दे.

तुझा,
काका