‘मार्कर’ म्हणजे पुरावा की खूण?

राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय: आत्याच्या तपासणीच्या कागदावर ‘ट्यूमर मार्कर, सायटोकेरॅटिन’ असं होतं. भाच्यानं त्याचा अर्थ ‘कर्करोगाचा पुरावा’ सांगितला आणि घरात रडारड झाली. मराठीत नेमका शब्द कोणता?

ताई, ‘पुरावा’ नको. ‘खूण’ म्हणा. ट्यूमरला ‘अर्बुद’ हा सुश्रुतसंहितेतला जुना शब्द आहे, पण घरात ‘गाठ’च बरा, प्रत्येक गाठ काही कर्करोगाची नसते. म्हणून ‘गाठीची खूण’.

आता सायटोकेरॅटिन. ग्रीकमध्ये ‘केरास’ म्हणजे शिंग, ‘किटोस’ म्हणजे पोकळ भांडं. त्यावरून ‘सायटो’ हे पेशीसाठी रूढ झालं. बेंदराला आपण बैलाच्या ज्या शिंगांना हिंगूळ लावतो, त्यांचं बाहेरचं कवच केरॅटिनचंच. त्याच कुळातली प्रथिनं कातडी, आतडी, श्वासनलिका यांच्या अस्तरातल्या पेशींना आतून धाग्यांचा आधार देतात. शाळेच्या पुस्तकात या अस्तराला ‘अभिस्तर ऊती’ म्हणतात.

अशी पेशी बिघडली, गाठ झाली, दुसऱ्या अवयवात जाऊन बसली, तरी तिचं केरॅटिन बहुधा सुटत नाही. कोल्हापूरचा माणूस पुण्यात वीस वर्षं राहिला तरी ‘काय करालायस?’ म्हणाला की गाव कळतं, तसंच हे. केरॅटिनचे प्रकार पन्नासाहून जास्त आहेत. त्यातले ७ आणि २० या क्रमांकांचे फार कामाचे. यकृतातल्या गाठीत २० सापडलं आणि ७ नाही, तर मूळ मोठ्या आतड्यात आहे का, हे डॉक्टर आधी शोधतात.

पण निरोगी अस्तरातही केरॅटिन असतंच! त्यामुळं तपासायला काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर (बायोप्सीत) ‘सायटोकेरॅटिन पॉझिटिव्ह’ आलं, तर पेशी बहुधा अस्तराच्या जातीची, एवढंच कळतं. कर्करोग आहे की नाही, हे पेशींची ठेवण बघून ठरतं. रक्तात १९ क्रमांकाच्या केरॅटिनचे तुकडे मोजतात, ती सायफ्रा २१-१ तपासणी. फुप्फुसाच्या कर्करोगात हा आकडा वाढतो, पण मूत्रपिंडं नीट चालत नसली तरीही वाढू शकतो. उपचार चालू असताना तो उतरतोय की चढतोय, हे बघायला त्याचा खरा उपयोग. अशा गोष्टीला ‘पुरावा’ म्हटलं की माणूस हकनाक खचतो.

आत्याबाईंचा कागद पुन्हा काढा आणि तपासणी रक्ताची होती की तुकड्याची, ते आधी वाचा. मग डॉक्टरांना विचारा, ‘ही खूण कशाची?’